पीटभूमींचे रडार निरीक्षण

पीटभूमींचे रडार निरीक्षण : पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या अवशेषांपासून बनलेल्या, म्हणजेच पीटच्या, जमिनीचा ऱ्हास व तिचे पुनरुज्जीवन यांचे कृत्रिम उपग्रहांवरील रडारच्या साहाय्याने केलेले मापन. जमिनीची पातळी किती खचली किंवा उचलली गेली, पृष्ठभागाजवळ ओलावा किती आहे आणि वरील वृक्षाच्छादन टिकून आहे की नाही, या तीन गोष्टी रडारच्या नोंदींवरून कळू शकतात व त्यांवरून पीटभूमीची स्थिती जोखता येते. हे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आले आणि २०१४ नंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. पीटची जमीन किती व का खचते, हा त्यामागील मूळ प्रश्न मात्र दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे.

पीट व त्याचा ऱ्हास : जमीन सतत पाण्याने संपृक्त असली म्हणजे तेथे ऑक्सिजन पोहोचत नाही, सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते आणि मृत वनस्पती पूर्णपणे न कुजता थरांवर थर साचत जातात. थंड प्रदेशात हे थर मुख्यत्वे स्फॅग्नम जातीच्या शेवाळाचे, तर उष्ण कटिबंधात झाडांची मुळे, फांद्या व पाने यांचे असतात. संचयाचा वेग सर्वसाधारणपणे वर्षाला सु. १ मिमी. एवढाच असल्याने काही मी. जाडीचा थर तयार होण्यास हजारो वर्षे लागतात [⟶ पीट]. पीटभूमींनी पृथ्वीवरील भूपृष्ठाचा सु. ३ टक्के भाग व्यापला आहे. परंतु त्यांत साठलेला कार्बन जगातील सर्व जंगलांच्या वृक्षराजीत असलेल्या कार्बनापेक्षा अधिक आहे.

पीटमध्ये वजनाने बहुतांश पाणीच असते. चर खणून हे पाणी काढून टाकले की तीन क्रिया सुरू होतात. प्रथम पाण्याचा आधार गेल्याने थर स्वतःच्या भाराने दबतो. नंतर वरचा भाग वाळून आकसतो. आणि शेवटी त्यात हवा शिरून पीटचे ऑक्सिडीभवन होते व कार्बन डाय-ऑक्साइड वायू वातावरणात जातो. पहिल्या दोन क्रिया काही वर्षांत ओसरतात. तिसरी मात्र पीट शिल्लक असेपर्यंत किंवा पाणी पूर्ववत होईपर्यंत चालूच राहते. वाळलेले पीट पेट घेते व ही आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक आढाव्यानुसार जगातील सु. १२ टक्के पीटभूमी ऱ्हास पावलेली असून मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सु. ४ टक्के वायू एवढ्या भूभागातून बाहेर पडतात. म्हणूनच जमीन किती खचली, हा आकडा शेतकऱ्याच्या किंवा अभियंत्याच्या गरजेपुरता राहिलेला नाही. हवेत किती कार्बन गेला याचा तो एक अप्रत्यक्ष हिशेब आहे.

जमिनीवरील मोजणी : या हिशेबाची सर्वांत प्रसिद्ध नोंद इंग्लंडच्या पूर्व भागातील होम फेन येथे उभ्या असलेल्या एका लोखंडी खांबाने ठेवली आहे. या भागातील व्हिट्लसी मिअर हे विस्तीर्ण, उथळ सरोवर १८५१ मध्ये उपसून कोरडे करण्यात आले. त्यासाठी त्याच वर्षी लंडन येथील जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या ॲपोल्ड यांच्या केंद्रोत्सारी पंपाचा उपयोग केला गेला. निचऱ्यानंतर जमीन खचणार हे जमीनमालक विल्यम वेल्स यांनी ओळखले होते. त्यांनी पीटच्या थरातून आरपार जाऊन खालच्या घट्ट चिकणमातीत टेकेल असा खांब रोवून घेतला आणि त्याचा माथा त्या वेळच्या जमिनीच्या सपाटीला आणून ठेवला. पहिल्या दहा-बारा वर्षांतच तो माथा सु. दीड मी. उघडा पडला. आज तो जमिनीपासून सु. ४ मी. उंचीवर आहे. खांब जागचा हललेला नाही. भोवतालची भूमी खाली गेली आहे. हा परिसर आता समुद्रसपाटीच्याही खाली असून ग्रेट ब्रिटनमधील सर्वांत सखल भागांत त्याची गणना होते. या नोंदींचा साकल्याने अभ्यास जे. एन्. हचिन्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला आणि प्रारंभीचा वेगवान उतार व नंतरची संथ पण न थांबणारी झीज त्यातून स्पष्ट झाली.

होमचा खांब मोजणीचे एक तत्त्व शिकवतो. हलत्या जमिनीचे मोजमाप करण्यास न हलणारा एक बिंदू लागतो. मात्र एका खांबाने एकाच जागेची माहिती मिळते. उत्तर ध्रुवाजवळचे दलदली प्रदेश किंवा बोर्निओ बेटावरील पीटयुक्त अरण्ये यांचा विस्तार लक्षावधी हे. असून तेथे पायी पोहोचणेही दुष्कर असते. उष्ण कटिबंधातील पीटवर ढगांचे आणि आगीच्या दिवसांत धुराचे आवरण असल्याने प्रकाशचित्रे घेणाऱ्या उपग्रहांनाही खालचे दिसत नाही. ही उणीव रडारने भरून काढली.

रडार तंत्राचा विकास : रडार स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते व त्यांचा प्रतिध्वनी टिपते, त्यामुळे त्यास सूर्यप्रकाशाची गरज नसते आणि ढग व धूर यांतून ते आरपार पाहू शकते. पुढे सरकणाऱ्या वाहनावरील लहान आकाशकाने टिपलेले अनेक प्रतिध्वनी एकत्र जुळवून प्रचंड आकाशकासारखे सूक्ष्म चित्र मिळवण्याची कल्पना अमेरिकेतील अभियंते कार्ल वायली यांनी १९५१ मध्ये मांडली. यातूनच ‘सार’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाणारे संश्लेषित रडार विकसित झाले. जून १९७८ मध्ये सोडण्यात आलेल्या अमेरिकेच्या सीसॅट उपग्रहावर असे रडार सागर-निरीक्षणासाठी बसवले होते. विद्युत् पुरवठ्यातील बिघाडामुळे हा उपग्रह ऑक्टोबरमध्येच निकामी झाला. तथापि त्याच्या सु. शंभर दिवसांच्या नोंदी पुढे फार मोलाच्या ठरल्या.

रडारच्या प्रतिध्वनीत दोन प्रकारची माहिती असते. एक, परत आलेल्या तरंगाची तीव्रता, म्हणजेच पश्चप्रकीर्णन. ते पृष्ठभागाचा खडबडीतपणा, ओलावा आणि वनस्पतींची रचना यांवर अवलंबून असते. दुसरी, त्या तरंगाची कला. ती उपग्रह व जमीन यांमधील अंतरानुसार बदलते. एकाच जागेवरून काही दिवसांच्या अंतराने दोनदा गेलेल्या उपग्रहाच्या नोंदींतील कलांची वजाबाकी केली, तर त्या अवधीत जमीन किती सरकली ते कळते. यास रडार व्यतिकरणमापन म्हणतात. तरंग जाऊन येत असल्याने अर्ध्या तरंगलांबीएवढी हालचाल झाली की कलेचे एक पूर्ण आवर्तन होते. ५·६ सेंमी. तरंगलांबीच्या ‘सी’ पट्ट्यातील रडारच्या बाबतीत हे अंतर सु. २·८ सेंमी. भरते आणि त्याचा लहान अंशही ओळखता येत असल्याने मिमी.च्या श्रेणीतील हालचाल टिपणे शक्य होते.

ए. के. गेब्रिएल, आर्. एम्. गोल्डस्टीन व एच्. ए. झेब्कर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये सीसॅटच्या जुन्या नोंदी वापरून कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्यातील शेतांची अतिसूक्ष्म उंचवट-घट दाखवली. पाणी दिलेल्या शेतांतील चिकणमाती फुगली होती आणि ते फुगणे अवकाशातून दिसले होते. पाण्यामुळे फुगणारी व त्याच्या अभावी आकसणारी जमीन हा या तंत्राचा अगदी पहिल्या विषयांपैकी एक होता, ही गोष्ट पीटच्या संदर्भात लक्षणीय आहे. त्यानंतर यूरोपीय अवकाश संस्थेचा ईआरएस–१ हा उपग्रह १९९१ मध्ये कक्षेत गेला. त्याच्या नोंदींवरून कॅलिफोर्नियातील १९९२ च्या लँडर्स भूकंपात झालेले भूपृष्ठाचे विस्थापन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये नकाशाच्या रूपाने मांडले व या तंत्राकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

शहरातील इमारती किंवा उघडे खडक यांवर ही पद्धत उत्तम चालते. कारण त्यांचा प्रतिध्वनी वर्षानुवर्षे सारखाच राहतो. पीटभूमीचे तसे नसते. गवत वाढते, शेवाळ भिजते व वाळते, झाडे वाऱ्याने हलतात आणि दोन नोंदींतील साम्य नष्ट होते. मिलान येथील संशोधकांनी २००० च्या सुमारास विकसित केलेली स्थिर परावर्तकांची पद्धत अशा ठिकाणी निरुपयोगी ठरली. २००२ मध्ये इटलीतच पुढे आलेल्या दुसऱ्या पद्धतीत अल्प कालांतराच्या अनेक जोड्या घेऊन त्यांची साखळी जुळवण्यात येते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात २०१३ पर्यंत तिच्यात आणखी सुधारणा झाली व जे ठिकाण काही जोड्यांत स्पष्ट व काही जोड्यांत अस्पष्ट असेल, त्याचीही नोंद उपयोगात आणता येऊ लागली. ३ एप्रिल २०१४ रोजी सोडण्यात आलेल्या सेंटिनेल–१ए या यूरोपीय उपग्रहाने १२ दिवसांच्या अंतराने सर्वांस विनामूल्य नोंदी पुरवण्यास सुरुवात केली, तेव्हा या सुधारणेला लागणारी सामग्री मुबलक मिळाली.

आग्नेय आशियातील अनुभव : पीटच्या ऱ्हासाचे सर्वांत भीषण उदाहरण इंडोनेशियाच्या मध्य कालिमांतान प्रांतात घडले. अध्यक्ष सुहार्तो यांच्या आदेशाने १९९५ च्या अखेरीस तेथील सु. १० लक्ष हे. दलदली प्रदेश भातशेतीखाली आणण्याची योजना हाती घेण्यात आली. १९९६ पासून सु. तीन वर्षांत ४,००० किमी.हून अधिक लांबीचे कालवे खणण्यात आले, अरण्य तोडण्यात आले आणि जावा व अन्य बेटांवरील कुटुंबे तेथे वसवण्यात आली. आम्लधर्मी, निकस पीटवर भात जवळजवळ पिकलाच नाही. कालव्यांनी मात्र पाणी वाहून नेले. १९९७ च्या एल् निन्यो वर्षातील दुष्काळात हा प्रदेश पेटला. सूसन पेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उपग्रहचित्रे व प्रत्यक्ष मोजणी यांच्या आधारे असा अंदाज मांडला की, त्या वर्षी संपूर्ण इंडोनेशियातील पीट व अरण्ये यांच्या आगींतून ०·८१ ते २·५७ अब्ज टन कार्बन वातावरणात गेला. हे प्रमाण जगातील खनिज इंधनांच्या तत्कालीन वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के होते. १९९९ मध्ये ही योजना अधिकृतपणे गुंडाळण्यात आली. कालवे तसेच राहिले व पीट वाळत राहिले.

या प्रदेशात रडारचा उपयोग प्रथम पश्चप्रकीर्णनाच्या रूपाने झाला. १९९२ ते १९९८ या काळात कार्यरत असलेल्या जपानच्या जेईआरएस–१ उपग्रहावरील रडारची तरंगलांबी सु. २३ सेंमी. होती. एवढा लांब तरंग पालवीतून खाली उतरतो. जमिनीवर पाणी साचलेले असेल, तर पाणी व बुंधे यांवरून दोनदा परावर्तित होऊन तो अधिक तीव्रतेने परततो. त्यामुळे अरण्याखालील पूर आणि त्याची ऋतुमानानुसार होणारी चढउतार प्रथमच नकाशावर आली. पुढे कालव्यांवर बंधारे घालून पाणी अडवण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा त्यांचा परिणामही याच पद्धतीने तपासण्यात आला. जर्मन संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, बंधाऱ्यांनंतर त्यांच्या परिसरातील पश्चप्रकीर्णन वाढले होते, म्हणजेच जमीन अधिक ओली झाली होती. मात्र दाट झाडीखाली हा फरक ओळखणे अवघड होते.

खचण्याचे मापन त्यानंतर आले. सुमात्रातील लागवडींमध्ये रोवलेल्या खांबांवरून २०१२ मध्ये असे आढळले की, निचऱ्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत जमीन सु. १·४ मी. व पुढे वर्षाला सु. ५ सेंमी. खचते. तथापि असे खांब थोड्याच ठिकाणी होते. ॲलिसन हॉइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जपानच्या अलॉस उपग्रहाच्या २००७ ते २०११ या काळातील नोंदींवरून आग्नेय आशियातील सु. २७ लक्ष हे. पीटभूमीचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र खचत होते व खचण्याचा सरासरी वेग वर्षाला सु. २·२ सेंमी. होता. मूठभर खांबांवरून काढलेले अनुमान या नकाशाने एका विशाल प्रदेशाच्या प्रत्यक्ष मोजणीत बदलले. सखल किनाऱ्यावरील जमीन याच वेगाने खचत राहिली, तर निचरा गुरुत्वाकर्षणाने होणे बंद होईल व ज्या लागवडीसाठी पाणी काढले तीच पुराखाली जाईल, हा धोकाही त्यातून पुढे आला.

२०१५ च्या भीषण आगींनंतर इंडोनेशियाने जानेवारी २०१६ मध्ये पीट पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र शासकीय संस्था स्थापन केली व २० लक्ष हे. क्षेत्राचे उद्दिष्ट ठरवले. पीटमधील पाण्याची पातळी पृष्ठभागाखाली ४० सेंमी.पेक्षा खाली जाऊ देऊ नये, असा दंडकही तेथील नियमांत आहे. पाण्याच्या पातळीचे महत्त्व किती आहे, हे २०२१ मधील एका व्यापक अभ्यासाने दाखवले : निचऱ्याखालील जमिनीत ही पातळी दर १० सेंमी.ने वर आणल्यास दर हे.मागे वर्षाला किमान ३ टन कार्बन डाय-ऑक्साइडएवढा तापमानवाढीचा परिणाम टाळता येतो.

स्कॉटलंडमधील अनुभव : ऱ्हासापेक्षा पुनरुज्जीवन मोजणे अधिक कठीण असते, कारण पीट वर्षाला १ मिमी. वाढते आणि तेवढी वाढ ओलाव्याच्या चढउतारात सहज लपून जाते. या प्रश्नाचा कस उत्तर स्कॉटलंडमधील फ्लो कंट्री या सु. ४ लक्ष हे. विस्ताराच्या प्रदेशात लागला. करसवलतींच्या आकर्षणामुळे १९८० नंतरच्या दशकात तेथील पीटवर चर खणून परदेशी सूचिपर्णी वृक्षांची लागवड करण्यात आली. १९८८ च्या ब्रिटिश अर्थसंकल्पात या सवलती रद्द झाल्या. १९९५ पासून फोर्सिनार्ड येथे झाडे काढून व चर बुजवून दलदल पूर्वस्थितीस आणण्याचे काम सुरू झाले.

निरोगी दलदलीची पातळी स्थिर नसते. पाऊस पडला की ती स्पंजाप्रमाणे फुगते व कोरड्या दिवसांत बसते. यास दलदलीचा श्वासोच्छ्वास म्हणतात. नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी २०१८ व २०२० मध्ये सेंटिनेल–१ च्या नोंदींवरून असे दाखवले की, या श्वासोच्छ्वासाचा विस्तार, वर्षातील त्याच्या कमाल पातळीचा काळ आणि अनेक वर्षांचा कल यांवरून पीटची प्रकृती ओळखता येते. शेवाळाने आच्छादलेले मऊ, ओले पीट मोठ्या प्रमाणात वरखाली होते. झुडपे माजलेले, कडक व कोरडे पीट फारसे हलत नाही. ऱ्हासाचे लक्षण केवळ खचणे हे नसून हालचालीचा ताठरपणा हेही आहे, हा विचार त्यामुळे रूढ झाला. जुलै २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात फ्लो कंट्रीचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत करण्यात आला.

मर्यादा : रडारचा आकडा निरपेक्ष नसतो. होमच्या खांबाला जशी घट्ट चिकणमाती, तसा रडारलाही एक स्थिर संदर्भबिंदू लागतो; तोच खचत असेल, तर सर्व नकाशा चुकतो. दुसरे असे की, दोन नोंदींच्या दरम्यान जमीन अर्ध्या तरंगलांबीच्या मर्यादेबाहेर हलली, तर किती आवर्तने निसटली हे कळत नाही व वेगाने खचणारी जमीन संथ भासते. नेदर्लंड्समधील पीटवरील कुरणांत उन्हाळ्यात असे घडते, हे डेल्फ्ट येथील अभ्यासकांनी दाखवले आहे. तिसरे, दाट अरण्यात आखूड तरंग पालवीवरूनच परततो, त्यामुळे झाडांची वाढ व जमिनीचे फुगणे यांत गल्लत होऊ शकते. एखादे ओले वर्ष पुनरुज्जीवनाचा आभास निर्माण करते आणि दुष्काळी वर्ष यशस्वी कामही फसल्याचे दाखवते. शिवाय खचण्यातील दबण्याचा वाटा किती व ऑक्सिडीभवनाचा किती, हे रडार सांगू शकत नाही. त्यासाठी पीटची घनता व त्यातील कार्बन जमिनीवरच मोजावा लागतो.

या मर्यादांना व्यावहारिक महत्त्व आहे. पीट वाचवल्याबद्दल कार्बनाच्या हिशेबावर पैसे देण्याच्या पद्धती रूढ होत आहेत व नियम मोडल्याचा आरोपही मोजणीवरच आधारावा लागतो. आकडा चुकला, तर वाळत चाललेल्या दलदलीला बरी झाल्याचा दाखला मिळू शकेल. यामुळे रडारच्या नोंदी खांब, समपातळी मोजणी आणि खांबांवर बसवलेले स्वयंचलित कॅमेरे यांच्याशी ताडून पाहण्याची प्रथा पडली आहे.

भारताशी संबंध : भारतात पीट अल्प प्रमाणात आढळते. निलगिरीच्या उंच खोऱ्यांतील पीटचे थर लहान असले, तरी आर्. सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्यांतील कार्बनाच्या समस्थानिकांवरून दक्षिण भारताच्या सु. २०,००० वर्षांतील हवामानबदलांचा आलेख काढला. केरळातील कुट्टनाड भागातील ‘करी’ जमिनींतही पीटसदृश द्रव्य असते. याहून मोठा संबंध अप्रत्यक्ष आहे. भारत हा जगातील सर्वांत मोठा पामतेल-आयातदार देश असून हे तेल प्रामुख्याने इंडोनेशिया व मलेशिया येथून येते. तेथील पामच्या लागवडीचा काही भाग निचरा केलेल्या पीटवर असल्याने त्या दूरच्या जमिनीच्या खचण्याशी येथील ग्राहकाचाही संबंध पोहोचतो.

निरीक्षणाच्या साधनांत भारताचा वाटा प्रत्यक्ष आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१२ मध्ये रिसॅट–१ हा ‘सी’ पट्ट्यातील रडार उपग्रह सोडला. त्यानंतर अमेरिकेच्या नासा संस्थेशी २०१४ मध्ये झालेल्या करारातून निसार हा उपग्रह तयार झाला व ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही–एफ१६ या अग्निबाणाने कक्षेत गेला. त्यावर अमेरिकेचे ‘एल्’ पट्ट्यातील व अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राचे ‘एस्’ पट्ट्यातील अशी दोन रडारे असून १२ मी. व्यासाचा परावर्तक दोघांनाही सामाईक आहे. भूपृष्ठावरील बहुतेक प्रदेशांच्या नोंदी १२ दिवसांच्या आवर्तनाने घेणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ‘एल्’ पट्ट्याचा लांब तरंग दाट पालवीत अधिक खोलवर शिरतो व जलद खचणाऱ्या जमिनीचा मागही तो अधिक खात्रीने ठेवतो. उष्ण कटिबंधातील अरण्याखालील पीटबाबत आजवर खंडित स्वरूपात मिळालेली माहिती त्यामुळे सलग होण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. होम फेनच्या परिसरातही एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून पाणी पुन्हा अडवून दलदल वाढवण्याचा प्रकल्प चालू आहे. तेथे गमावलेले ४ मी. पीट निसर्गाच्या वेगाने परत येण्यास सु. ४,००० वर्षे लागतील. त्यामुळे अशा प्रकल्पांचे तातडीचे यश उंची वाढण्यात नसून खचणे थांबण्यात व श्वासोच्छ्वास पुन्हा सुरू होण्यात मोजले जाते.